अठ्ठेचाळीस व्होल्टचा वेताळ

आप्पांच्या घरी गेलात तर बेल वाजवू नका. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या दारावर एक पुठ्ठा टांगलेला आहे: 'रेकॉर्डिंग चालू आहे. शांतता राखावी.' चार वर्षांपूर्वी टांगला तेव्हा तो पांढरा होता, आता कळण्याच्या भाकरीच्या रंगावर गेलाय. या चार वर्षांत आतलं एकही रेकॉर्डिंग कोणाच्या कानावर आलेलं नाही. शांतता मात्र अख्खी गल्ली राखते. कारण ती मोडली की आप्पा बाहेर येतात आणि शांतता का राखायची हे पाऊण तास समजावून सांगतात.

ही एक जात आहे आणि ती जुनी आहे. रेडिओच्या काळात हेच लोक मागचं झाकण उघडून "काही नाही, एक कंडेन्सर गेलाय" म्हणायचे. दूरदर्शनच्या काळात तेच गच्चीवर अँटेना फिरवत "आता दिसतं का?" असं ओरडायचे आणि खाली दिसायला लागलं तरी थांबायचे नाहीत. ही माणसं गाणं ऐकत नाहीत, स्पीकर ऐकतात. जेवायला बसली तर भाजीच्या आधी कढईला कल्हई कशी लागलीय ते बघतील. अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजायला लागली आणि खानदेशातल्या या जातीने माईक हातात घेतला.

आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. बसचे हॉर्न दुरुस्त करण्यात उमर गेली, त्यामुळे नाजूक आवाजाची भूक राहून गेली असावी. त्यांनी ऑनलाइन एक चिनी कंडेन्सर माईक मागवला, बीएम-८००, हजाराच्या आतला. दिसायला रुबाबदार, सोनेरी जाळी, हातात वजन. आप्पांनी तो गाणं म्हणून बघण्याआधी स्क्रू काढून बघितला.

"सर, हे बघा," त्यांनी मला भिंग दिलं. "बंगला एवढा मोठा आणि आत राहणारा एकटाच."

खरंच, त्या ऐसपैस जाळीच्या आत शर्टाच्या बटणाएवढी कॅप्सूल बसली होती. तिच्या जागी पेढ्याएवढी मोठी कॅप्सूल बसवायची, आतले दोन-चार भाग बदलायचे आणि हजाराच्या माईकचा 'यू ८७' करायचा, हा आप्पांचा संकल्प. यू ८७ हा जर्मनीच्या न्यूमनचा माईक, १९६७ पासून जगभरच्या स्टुडिओंत मानाने टांगलेला. त्याची किंमत लाखांत आहे. "आत काय असतं हो त्यात?" आप्पा म्हणतात. "एक पत्रा, एक पडदा आणि नाव."

सामान आणायला मी आग्रा रोडला त्यांच्याबरोबर गेलो होतो. आप्पांनी दुकानदाराकडे 'कंडेन्सर माईकचा कंडेन्सर' मागितला. त्याने शांतपणे पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काउंटरवर ठेवला. आप्पा चिडले नाहीत. उलट खूश होऊन म्हणाले, "तत्त्व तेच आहे सर! दोन पत्रे समोरासमोर, मध्ये फट. त्यातला एक पत्रा आवाजाने हलायला लागला की झाला माईक." दुकानदार म्हणाला, "मग पंखा हलवणारा द्यायचा का आवाज हलवणारा?" त्या दिवशी दोन्ही घेतले. एक अजून पडून आहे, पण कोणता ते आप्पा सांगत नाहीत.

आता मुख्य अडचण. कंडेन्सर माईकला स्वतःची वीज लागते आणि आप्पांचा मिक्सर जुना, त्यात ती सोय नाही. या विजेला म्हणतात फँटम पॉवर. मी भाबडेपणाने विचारलं, "फँटम म्हणजे आपला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ?" झालं! तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव 'वेताळ आप्पा' पडलं, आणि ते पाडणारा मीच असल्यामुळे हा वेताळ माझ्याच मानगुटीवर बसला.

पण समजावून सांगण्यात आप्पांचा हात धरणारा नाही. "बघा सर, माईकमधून आवाज दोन तारांनी येतो. विजेसाठी आणखी तार कशाला ओढायची? त्याच दोन तारांतून उलटी वीज पाठवायची, दोन्हींना सारखीच, ४८ व्होल्ट. वाटेत दोघींना एकेक रेझिस्टन्स, ६.८ किलोओहमचा. परतीचा रस्ता एक नंबरच्या पिनेवरून. मिक्सर काय ऐकतो? दोन तारांमधला फरक. दोन्हीकडे ४८ असले तर फरक शून्य. वीज आहे, पण आवाजाला तिचा पत्ता नाही. म्हणून वेताळ."

"आणि दोन रेझिस्टन्स सारखे नसले तर?"

"सासूने दोन सुनांना दिवाळीला साडी घेतली समजा. साडी कितीची आहे याला महत्त्व नाही. दोघींची सारखी पाहिजे. एकीची शंभराने महाग निघाली की घरात हमिंग सुरू." मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणून मी दहा रेझिस्टन्स आणतो, मीटर लावून मोजतो आणि जुळणारी जोडी निवडतो. लग्नात एवढं कोणी बघत नाही."

पण ४८च का? याची गोष्ट आप्पा आरतीसारखी म्हणतात. १९६६ साल, नॉर्वेचं सरकारी रेडिओ. तिथे न्यूमनवाले ट्रान्झिस्टरचे नवे माईक घेऊन गेले. नॉर्वेवाल्यांना माईकची वीज तारेतूनच हवी होती, आणि त्यांच्या स्टुडिओत दिवे गेल्यावर लावायच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. म्हटलं, तीच वापरा. पुढे सगळ्या जगाचं प्रमाण ४८ झालं. "म्हणजे सर, लोडशेडिंगच्या तयारीतून जगाचा माईक चालला. आपल्याकडे एवढं लोडशेडिंग झालं, आपण काय काढलं? मेणबत्ती!"

हे ४८ व्होल्ट मिळवायला आप्पांनी काय नाही केलं! इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असतात हे लक्षात आल्यावर ते चार दिवस माझ्यासकट चार शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर लग्नाळू मुलाच्या बापाची होती. टेलिफोनच्या तारेत ४८ व्होल्ट असतात हे आठवून त्यांनी घरचा मेलेला लँडलाईन तपासला. तो विजेलाही मेलेला निघाला. ई-रिक्षाची बॅटरी ४८ची असते कळलं तेव्हा त्यांनी पाचकंदिलाजवळ एका रिक्षावाल्याला विचारलं, "दोन तास उभी करशील का, गाणं रेकॉर्ड करायचंय." तो म्हणाला, "आप्पा, बसा, टेप लावतो."

शेवटी उपाय साधा निघाला. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या पाच, एकापुढे एक. बेरीज ४५. "तीन कमी," मी म्हणालो. "प्रमाणात चार इकडेतिकडे चालतात," आप्पा म्हणाले. "४४ ते ५२ सगळं पास." मग थोडं थांबून त्यांनी भर घातली, "मे महिन्यात धुळंसुद्धा पास."

मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर स्टुडिओचंही सांगायला हवं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायचा बेत होता. आप्पांची माय माळकरी, ऐंशी पार केलेली. ट्रेची चळत दारात बघून तिने फक्त काठी आडवी धरली. "माय, अंडं नाही, नुसता पुठ्ठा आहे!" काठी तशीच. आप्पांनी घरातल्या गोधड्या टांगल्या. माझ्या वाचनात आलंय की त्या ट्रेने आवाज फारसा अडत नाही, जाड गोधडीने जास्त अडतो. म्हणजे माळेने ध्वनिशास्त्राचं काम केलं. पण आप्पांना हे सांगायची माझी छाती नाही, ते मायलाही मॉड करायला घेतील.

त्या गोधड्यांच्या खोलीत, पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर ४४ अंश, अशा अवस्थेत हळदीची गाणी म्हणणारा एक होतकरू मुलगा आत गेला. माईकच्या आत १०० कोटी ओहमचा एक रेझिस्टन्स असतो. त्याच्यावर बोटाचं तेल किंवा ओल बसली तरी वीज बाजूने निसटते आणि माईक खरखर करतो. आप्पांनी तो बसवला होता शेवभाजी खाऊन, आणि समोर गायक घामाने निथळत होता. हेडफोनमध्ये कांदाभजी तळल्याचा आवाज आला. मुलगा उसाचा रस प्यायला म्हणून बाहेर पडला. नंतर कळलं, त्याने गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकलं आणि ते बऱ्यापैकी चाललंही. आप्पांनी ते ऐकलं आणि हळहळले, "पोराचा आवाज चांगला आहे हो. नॉईज फ्लोअर वाईट."

एकदा गल्लीतल्या भजनाला त्यांनी माईक लावला होता. फेडर वर असताना बॅटरीचं बटण दाबायचं नसतं, आधी आवाज बंद करायचा असतो. हा नियम आप्पाच सगळ्यांना शिकवतात. त्या दिवशी शिकवायच्या नादात बटण दाबलं. 'धप्प' असा आवाज झाला की बुवांचा अभंग विठ्ठलावरून थेट "कोणाचं टायर रे?" वर आला.

मग चार वर्षांत झालं काय? तर आप्पांच्या कॉम्प्युटरवर शेकडो फायली आहेत आणि प्रत्येकीत एकच मजकूर: "हॅलो, चेक, एक-दोन-तीन." आप्पा ते मला लावून दाखवतात. "हा जुन्या कॅप्सूलचा हॅलो. हा नव्या. आणि हा रेझिस्टन्स जुळवल्यानंतरचा हॅलो, बघा, 'लो' किती मोकळा झालाय!" मी बैठकीत ख्याल समजल्यासारखी मान हलवतो. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी असते, भाजीवाला असतो आणि मायची हाक असते: "जेवाले ये रे, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

एकदा मी न राहवून म्हणालो, "आप्पा, या गावातलं सगळ्यात मोठं रेकॉर्डिंग १९३२ साली झालं. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. माईक नाही, फँटम नाही. साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे. त्याचं पुस्तक झालं, 'गीता प्रवचने', कितीतरी भाषांत गेलं."

आप्पा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, बाण लागला.

"तुरुंग म्हणजे दगडी भिंती," ते शेवटी म्हणाले. "एको फार असणार. बरं झालं लिहून घेतलं."

पण कुठेतरी ते त्यांना लागलं असावं. यंदा श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी त्यांनी जाहीर केलं की मायची कानबाईची गाणी रेकॉर्ड करायची. तिला पाठ आहेत तेवढी आता गल्लीत कोणाला येत नाहीत. गोधड्यांच्या खोलीत खुर्ची मांडली. पाच बॅटऱ्या जोडल्या. फेडर खाली, मग बटण, मग फेडर वर, सगळं शिस्तीत. मायला समजावलं, तोंड माईकपासून वीतभर लांब, हलायचं नाही.

"हां माय, म्हण."

मायने पदर सावरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हॅलो, चेक, एक-दोन-तीन."

चार वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकलेलं. तिला वाटलं, माईकसमोर हेच म्हणायचं असतं. आप्पांनी डोळे मिटून हेडफोन कानाशी दाबला. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "सर, हम अजिबात नाही!"

"व्हयनं ना?" म्हणत माय उठली. "माले भाकरी टाकन्या शेतस." आणि स्वयंपाकघरात जाऊन परातीत पीठ घेता घेता तिने कानबाईचं गाणं सुरू केलं. एकामागून एक कडवं, न अडखळता. मी आप्पांच्या खांद्याला हात लावून तिकडे खूण केली. माईक अजून चालूच होता, नुसता दोन हात उचलून तिकडे न्यायचा.

आप्पांनी बॅटऱ्यांना मीटर लावला होता.

"४३," ते म्हणाले. "४४च्या खाली गेलं सर. आज रेकॉर्डिंग होणार नाही."