पारखीशेठांचं नाक

डहाणू रोड स्टेशनला उतरून कुणालाही विचारा, ‘सेंट खरं की डुप्लिकेट, हे कोण सांगेल?’ लगेच पारखीशेठांच्या वाडीचा रस्ता दाखवला जाईल. पारखी हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. असे पारखीशेठ डहाणूत एक, बोर्डीत एक आणि तलासरी नाक्यावर टपरीला टेकून उभे असलेले निदान दीड तरी सापडतात. सोयीसाठी मी त्या सगळ्यांचा एकच माणूस केलाय. तक्रार कुणी करणार नाही, कारण आपण पारखी नाही असं त्यातल्या एकालाही वाटत नाही.

शेठांची चिकूची वाडी आहे. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून ते मानांकन आपल्यालाच मिळाल्यासारखे शेठ वावरतात. चिकू उतरवायला झाला की नाही, हे ते नखानं साल खरवडून बघतात. खाली हिरवं दिसलं तर कच्चा. हेच नख ते बाटलीलाही लावतात. लेबल खरवडलं आणि निघालं, तर “बघ, डुप्लिकेट!” नाही निघालं, तर “एवढं घट्ट चिकटवलंय म्हणजे काहीतरी लपवायचंय.” या परीक्षेतून आजवर एकही बाटली सुटलेली नाही.

त्यांच्या विद्येचं मूळ मात्र सेंटात नाही, दमणमध्ये आहे. डहाणू-तलासरीच्या माणसाला सीलबंद बाटलीवर विश्वास ठेवू नये हे बाळकडू असतं. तासाभराच्या अंतरावर केंद्रशासित दमण, तिथं दारू स्वस्त, मध्ये अच्छाडची सीमा आणि तिच्यावर एक्साइजवाले. अशा मुलखात ‘स्कॉच’ म्हणून आलेली बाटली उलटी करून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचं, बुचावरची पट्टी उन्हात धरायची, हे शेठ तरुणपणी शिकले. पुढं डॉक्टरांनी बाटली बंद केली. विद्या वाया जायला नको म्हणून ते सेंटाकडं वळले. बुडबुडे ते अजूनही मोजतात.

धंद्याला बरकत आली ती 2013 नंतर. त्या साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली, आणि चर्चगेटची फॅशन थेट आमच्या फलाटावर उतरू लागली. त्यात फोनवर ऑर्डर आणि घरपोच माल. आज सकाळच्या लोकलमध्ये एका बाकावरच्या चौघांच्या अंगाला एकच वास येतो, चौघांनी वेगवेगळी किंमत मोजलेली असते आणि प्रत्येकाला बाकीच्या तिघांचं डुप्लिकेट वाटतं.

गेल्या दिवाळीत तलासरीचा एक पोरगा शेठांकडं आला. सरीगामच्या जीआयडीसीत कामाला, पहिल्या बोनसचे पैसे खिशात. त्यानं डिऑरचं सोव्हाज मागवलं होतं, 100 मिली, 899 रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. दुकानात या बाटलीला पाच आकडी रक्कम पडते. खरं तर निकाल इथंच लागला होता. पण लोक आशेनं येतात, आणि शेठ आशेवर जगतात.

पोरगा अभ्यास करून आला होता. म्हणाला, “शेठ, खोक्यावरचं पातळ प्लॅस्टिक बघा, घडी वाकडी आहे, डिंक बाहेर आलाय. बाटलीच्या बुडावर बॅच नंबर आहे, खोक्यावर दुसराच आहे. आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं स्टिकरच नाही.”

तिन्ही मुद्दे अस्सल होते. बॅच नंबर खोक्यावर आणि बाटलीवर एकच असायला हवा. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष हवंच, तसा कायदा आहे. फवारा दाबला तर धुकं पडायला हवं, पिचकारी नव्हे. एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस उठून गेला असता. शेठ उठले नाहीत. आपल्याला न विचारता लागलेला निकाल त्यांना मान्य नसतो.

“बॅच नंबर कशात घातलास?”

“वेबसाइटवर, शेठ. तीन वर्षांपूर्वीचा माल दाखवते.”

“वेबसाइटला नाक आहे?”

इथं शेठ अर्धे बरोबर होते, कसे ते त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच. त्या वेबसाइटी नंबरावरून बाटली कधी भरली तेवढं सांगतात. नकली माल करणारा एका खऱ्या बाटलीचा नंबर उचलतो आणि हजारो बाटल्यांवर छापतो. नंबर खरा, बाटली खोटी. टोपणाचंही तेच. सोव्हाजचं टोपण चुंबकाचं, जवळ नेलं की टक् करून बसतं, म्हणून पुष्कळांना तीच खूण वाटते. चुंबक काय फक्त फ्रान्समध्येच मिळतं?

मग शेठांनी मोबाइलचा टॉर्च लावला. खऱ्या बाटलीतली नळी द्रवात जवळजवळ दिसेनाशी होते, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. सोव्हाजची काच मुळातच काळसर निळी. शेठांना नळी दिसली नाही. त्यांनी मान हलवली. कौतुकानं की दुःखानं, ते कळलं नाही.

शेवटी नाक. आता हे नाक कुठं राहतं ते सांगायला हवं. वाडीच्या खालच्या अंगाला खाडी, पलीकडं धाकटी डहाणू, आणि बांबूंवर मैलभर सुकायला टांगलेले बोंबील. वारा पश्चिमेचा. अशा वाऱ्यात बसून शेठ कॅलाब्रियाच्या बर्गमॉट लिंबाचा वास शोधतात. आधी चार बाटल्या हुंगून झालेल्या असतात, त्यामुळं नाक केव्हाच बधिर झालेलं. ते ताजं करायला शेजारी वाटीत कॉफीच्या बिया. अमेरिकेत एकांनी हा उपाय तपासून पाहिला, तेव्हा साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग झाला नव्हता. आमच्याकडं तर साधी हवासुद्धा नाही. आणि नाक शाबूत असतं तरी पहिल्या दहा मिनिटांचा वास हीच नकलाकाराची हातखंडा जागा. वर लिंबू-मिरीचा झणका उडवून द्यायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते संध्याकाळपर्यंत टिकणाऱ्या तळाच्या वासाला. म्हणजे खरा निकाल संध्याकाळी. शेठ तो तिसऱ्या सेकंदाला देतात.

“डुप्लिकेट,” शेठ म्हणाले आणि बाटली उन्हात धरून लेबल वाचायला लागले. “हे बघ, फ्रान्सच्या स्पेलिंगमधला आर खाल्लाय.”

खरोखरच खाल्ला होता. आर नाही म्हटल्यावर नाकाची गरज नव्हती, पण श्रेय नाकाच्या खात्यावर जमा झालं.

खरं तर या धंद्यात कुणी कुणाला हसू नये. कोलन गावात फरिना नावाच्या इटालियन घराण्यानं 1709 साली अत्तराचा कारखाना काढला, आणि त्यांचं पाणी युरोपभर गाजलं. 1803 मध्ये म्युलहेन्स नावाच्या गृहस्थानं बॉनमधला फरिना आडनावाचाच, पण त्या घराण्याशी काही संबंध नसलेला एक माणूस गाठून नावाचा हक्क विकत घेतला आणि पुढं तो इतरांनाही विकला. कोर्टकज्जे होऊन ते नाव सोडावं लागलं तेव्हा 1881 साली त्याच्या नातवानं घराच्या नंबरावरून नवं नाव घेतलं, 4711. आमच्याकडच्या पारशी-इराणी घरांत आजारपणात कपाळाला लावतात तेच हे कोलन. डुप्लिकेटाच्या पोटी जन्मलेलं, आणि आता त्याच्याकडं कसं आदरानं बघतात! शेठांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं, नखानं खरवडून बघावं तसं.

पोरग्याला मी म्हटलं, पैसे परत माग. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत नकली माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, आणि दाद लागली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन कर. तो बाटली पिशवीत घालायला लागला, तेवढ्यात शेठांनी हात आडवा घातला.

“राहू दे इथं. निरीक्षणाखाली ठेवतो.”

हा शेठांचा ठरलेला शब्द. डुप्लिकेट ठरलेली बाटली मालकाकडं परत जात नाही. ती शेठांच्या लोखंडी कपाटात निरीक्षणाखाली जाते. त्या कपाटात डिऑर, शनेल, वर्साचे सगळे एका फळीवर नांदतात. शेठांच्या घरच्या काकी एकदा त्यांना म्हणाल्या होत्या, “अहो, निरीक्षण करता करता पातळी कशी खाली जाते हो?” शेठ म्हणाले, “उन्हाळा आहे, उडतं.” तेव्हा जानेवारी होता.

महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुमारास शेठांच्या मुलाची सोयरीक ठरली. वलसाडचे व्याही आले. बैठकीत त्यांनी मखमली पिशवीतून एक खोकं काढून शेठांपुढं धरलं. सोव्हाज, 100 मिली. “आमचा साळा दुबईहून घेऊन आला. तुमचं नाक मोठं असं ऐकलंय.”

अंगणात चिकूचे क्रेट मोजायला तलासरीचा तोच पोरगा आलेला. रविवारी तो शेठांकडं जादा काम करतो. शेठांनी खोकं उघडलं. नख लेबलाजवळ नेलं, थबकले, आणि तेच नख कान खाजवायला वापरलं. टॉर्च काढला नाही. बुडबुडे मोजले नाहीत. मनगटावर फवारा मारला. पिचकारी उडून बाहीपर्यंत गेली. डोळे मिटले.

“वा!” शेठ म्हणाले. “एकदम ओरिजिनल. तळाचा वास बघा, तळाचा.”

व्याही खूश झाले. बाटली हातोहात फिरत दाराशी आली. पोरग्यानं ती घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“शेठ,” तो म्हणाला, “याच्यात पण आर नाय. आणि नंबर तर माझ्या बाटलीवरचाच.”

बैठकीत कुणीतरी चहाचा कप बशीत ठेवला. व्याह्यांनी शेठांकडं पाहिलं. शेठांनी पोरग्याकडं पाहिलं, आणि क्षणात त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तुझी पण ओरिजिनलच निघाली की रे! मी म्हणत नव्हतो, निरीक्षणाला वेळ लागतो म्हणून?”

“मग द्या परत,” पोरगा म्हणाला.

काकी आत गेल्या आणि कपाटातून बाटली घेऊन आल्या. तळाशी बोटभर उरलं होतं.

“उन्हाळा आहे,” शेठ म्हणाले.