आरोपी नेहमी बॅटरीच

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर पहाटे एखाद्या गाडीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प झाला, की निकाल तिथेच लागतो: बॅटरी गेली! ड्रायव्हर सांगतो, क्लीनर मान डोलावतो, चहावालाही किटली सावरत दुजोरा देतो. पुरावा कुणी मागत नाही.

ट्रकमध्ये बॅटऱ्या दोन. प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकीला एक जोडून २४ केलेल्या, कारण सेल्फला तेवढे लागतात. पण केबिनमधली गाणी आणि देवाच्या फोटोभोवतीचे रंगीत दिवे बऱ्याचदा १२ चे. मग कुणी तरी हुशार माणूस एकीवरूनच वायर ओढतो. झालं! एका जावेनं राबायचं आणि दुसरीनं ताटावर ताट जेवायचं. पहिली कायम अर्धपोटी, दुसरी जास्तीचं चार्जिंग खाऊन तापते आणि तिचं पाणी आटतं. अल्टरनेटरला बेरीज २८ दिसते, तो आपला समाधानी.

जाणता वायरमन आधी हातच लावत नाही, नुसतं बघतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, चेसिसला जाणारी अर्थची पट्टी सैल. बंपरवरची लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी होते. टर्मिनल घासून ग्रीस लावायला मात्र कुणाला शनिवार सापडत नाही. मग मीटर निघतो. रात्रभर उभ्या गाडीत भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत, आणि तेही दोघींवर वेगवेगळे मोजून. इंजिन चालू झाल्यावर जोडीवर २८ च्या जवळ. काटा २५ वरच रेंगाळला तर पट्टा ढिला किंवा डायनेमोचे ब्रश झिजलेले. (अल्टरनेटर येऊन जमाना झाला, पण गॅरेजात तो अजून डायनेमोच.)

माझ्या मते खरी परीक्षा पुढची. सेल्फ मारताना जाड केबलच्या दोन टोकांना मीटर लावायचा. अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त दिसला, तर चोर केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. ही तपासणी क्वचितच होते. तिच्यात विकण्यासारखं काही नाही ना!

तेव्हा मालकांनो, नवी बॅटरी घेण्याआधी हे सगळं करून घ्या. बदलायच्याच झाल्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या बदला. आणि गाण्यांसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा; तो बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो.