दोन केळी खाऊन घ्या!

नाना कधीच दमत नाहीत. निम्म्या जळगावाला हे ठाऊक आहे, कारण नानांनीच ते सांगितलेलं आहे.

साल्हेरच्या एका दिवसाच्या ट्रेकची सूचना साधी होती: पायात बूट, दोन लिटर पाणी, पाठीवर हलकी सॅक. नानांनी त्यातलं पाणी तेवढं मान्य केलं. मध्यरात्री गाडीत चढले ते खांद्याला फुगलेली कापडी पिशवी आणि हातात केळ्यांची फणी घेऊन. धुळ्याची मंडळी चढली तेव्हा गाडीभर भरिताचा घमघमाट होता.

साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत उजाडता पायथा गाठला. आमचा लीडर म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने माहिती दिली, "साल्हेर 1567 मीटर. राज्यातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाई 1646."

"म्हणजे एकोणऐंशीच मीटर कमी," नाना म्हणाले. "किरकोळ!"

चढ लागला आणि वीस मिनिटांत नानांचा भाता सुरू झाला. पण थांबतील ते नाना कसले? त्यांनी आम्हालाच थांबवलं. "तोंडं पाहा कशी उतरली पोरांची! बसा, दोन केळी खाऊन घ्या." पहिल्या दरवाजाशी कळण्याची भाकरी आणि भरीत निघालं. कातळातल्या पायऱ्यांवर गूळ-शेंगदाणे. "नको" म्हणायची सोय नव्हती. "अरे खाय ना भो, लाजतो काय!"

पिशवीत हात घालायची ताकद उरली नाही, तेव्हा नानांना इतिहासाची गोडी लागली. इथे 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, हे लीडर दोन वाक्यांत उरकत होता. नानांनी बैठक मारली. "सविस्तर सांग. मोरोपंत कुठून आले, प्रतापराव कुठून आले... घाई नाही." लढाई चांगली अर्धा तास चालली. मोगल हरले तेव्हा कुठे नानांचा श्वास जागेवर आला.

धुळ्याची एक मुलगी माझ्या कानात म्हणाली, "काका, भूक आपल्याला लागतेय, मग घाम नानांना का येतोय?"

माथ्यावर परशुरामाच्या देवळापाशी नानांनी उरलेला गूळ प्रसाद म्हणून वाटला. समोर सालोटा, लांबवर मांगी-तुंगी. नाना खूश. पिशवी मात्र रिकामी.

खरी पंचाईत उतारावर झाली. गुडघे बोलू लागले आणि थांबायला निमित्त उरलं नाही. नानांचा हात सवयीने पिशवीत गेला आणि केळीच्या सालींवरून फिरून परत आला. लढाईही संपलेली.

तेवढ्यात ती धुळ्याची मुलगी मटकन खाली बसली. "नाना, थांबा ना. मी तर पार दमले." तिने बिस्किटांचा पुडा फोडला.

पुडा पुरता फुटायच्या आत नाना टेकलेसुद्धा. दोन बिस्किटं संपवली, पाणी प्यायले आणि लीडरकडे वळून म्हणाले,

"आजकालच्या पोरांत दमच नाही रे!"