अजून तीन बटणे!

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान उजाडले 15 जानेवारी 2026 रोजी. मध्ये पावणेचार वर्षे प्रशासक. एवढ्या काळात माणूस पदवी घेऊन मोकळा होतो. मतदाराला मात्र यादीत आपले नाव आहे का, हे आदल्या रात्री आठवते.

तोवर गाडी सुटलेली असते. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, तीही ठरलेल्या तारखेची. या खेपेला ती तारीख होती 1 जुलै 2025. जानेवारीत केंद्रावर आधारकार्ड नाचवणाऱ्याने नाव नोंदवायचा सहा नंबरचा अर्ज त्याआधीच भरायला हवा होता. ओळखपत्र खिशात असून भागत नाही, नाव यादीत लागते.

पुण्याची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणून मतेही चार. लाडक्या उमेदवाराचे बटण दाबून गडी ऐटीत निघतो, पण यंत्र काही वाजत नाही.

"काका, अजून तीन!"

मग उरलेली तीन मते चिन्ह बघून, आडनाव बघून, नाहीतर सरळ 'नोटा'ला. प्रभागात उभे कोण होते, हे काकांना त्या पडद्याआडच कळते.

सहा नंबरचा अर्ज ऑनलाइनही भरता येतो, आणि निवडणूक नसतानाही.