मेंढराला एक तारा

मी समीक्षक होतो. सांगलीतल्या एका लहानशा वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत, शब्दकोडं आणि मूळव्याधीची जाहिरात यांच्या बेचक्यात, घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फुकट प्रोग्रामांना मी तारे वाटत असे. मानधन शून्य. फुकट मालाची फुकटात केलेली समीक्षा, आणि ती वाचायलाही लोक शेजाऱ्याचा पेपर आणत. तरी हरभट रोडवरून जाताना मला वाटे, माणसं वळून बघताहेत. एकदा एकाने खरंच थांबवलं. 'सदर लिहिता ते तुम्हीच ना?' मी विनम्र चेहरा तयार केला. 'माझा प्रिंटर कागद ओढत नाही,' तो म्हणाला.

माझी भाषा मात्र दिवाळी अंकातली. गाणी वाजवणाऱ्या विनॅम्पबद्दल मी लिहिलं होतं, 'आशयाच्या मानाने अवकाश आटोपशीर.' याचा अर्थ मलाही कुणी विचारू नये.

मासिकाबरोबर आलेली सीडी साताऱ्याला नेऊन वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, मशीनवर चालवून बघायची, हा माझा रिवाज. आप्पा पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी माण-खटावात. त्यांना मी इरफानव्ह्यू दाखवला. बोस्नियात जन्मलेल्या इरफान नावाच्या पोराने 1996 साली बाहेर काढलेला, कसलाही फोटो उघडणारा, घरगुती वापराला फुकट, वगैरे पंधरा मिनिटं बोललो. आप्पा चित्रावरून नजर काढेनात.

'मांजर मोटारीखाली आलंय का रं?'

बघतो तर खरंच, चिरडलेलं लाल मांजर! शेकडो वेळा उघडलेल्या प्रोग्रामचं बोधचिन्ह, मी पाहिलंच नव्हतं. विनॅम्प लावल्यावर लामाला फटकावल्याची फुशारकी ऐकू येते, तिचा अर्थ सांगितला तर म्हणाले, 'उंटाच्या जातीतलं जनावर ते. थुंकंल.' व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीचा नारिंगी शंकू पाहून 'रस्त्याचं काम दिसतंय' एवढं बोलून ते पुढे सरकले.

आणि मग मेंढरू. नव्वदीच्या दशकातल्या एका जपानी प्रोग्राममधलं. पडद्यावरच्या खिडक्यांच्या कडांवरून चालतं, धडपडतं, झोपतं. दुसरं काही करत नाही. मी त्याला एक तारा दिला होता: 'उपयुक्तता शून्य.' आप्पांनी चष्मा पुसला.

'दख्खनी न्हाई. माडग्याळ तर न्हाईच न्हाई.' मग माडग्याळवर अर्धा तास. जत तालुक्यातलं ते गाव, तिथली ती पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची उंच जात, पोपटासारखं बाकदार नाक. नाक जितकं बाकदार तितका भाव चढा, आटपाडीच्या बाजारात एकेका बकऱ्याची किंमत लाखात सांगतात. मी सांगली जिल्ह्यात राहून व्हिएन्नात शिकलेल्या इरफानची माहिती छापत होतो, आणि जतच्या मेंढराचं नाक मला ठाऊक नव्हतं. आप्पा काही न लिहिता, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्यापेक्षा चांगली समीक्षा करत होते. मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला.

'पण हे एकलंच का?' ते म्हणाले. 'कळपातलं जनावर हाय. एकलं ठेवलं तर चारा सोडतंय.'

प्रोग्राम पुन्हा चालू केला की दुसरं मेंढरू येतं, एवढं एक माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. मी ते सांगितलं. त्यानंतर त्यांचा कॉम्प्युटर दिवसभर चालू असायचा. आई गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज म्हणजे मशीनचा पंखा, हे वीजबिलावरून त्यांच्याशी भांडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढे सदर बंद पडलं. एकाही वाचकाने पत्र पाठवलं नाही, प्रिंटरवाल्यानेही नाही. मी आप्पांना नवं, चौसष्ट बिटांचं मशीन घेऊन दिलं. जुन्या सोळा बिटांच्या प्रोग्रामांना ते दारातही उभं करत नाही. मेंढरू चालेना. मी समीक्षकाच्या थाटात म्हणालो, 'आप्पा, ते आता सुसंगत राहिलेलं नाही.'

'मेलं म्हण की सरळ.' थोड्या वेळाने विचारलं, 'जुनं मशीन भंगारात दिलंस?'

नव्हतं दिलं. माळ्यावर होतं.

परवा संध्याकाळी सांगलीहून फोन केला, तर उचलून घाईने म्हणाले, 'मागनं कर. मेंढरं सोडल्यात.'