पन्नाशीतलं युकुलेले

पाचगणीत बंगला झाला, सकाळी टेबललँडवर फेऱ्या सुरू झाल्या, की पुण्या-मुंबईच्या पन्नाशीतल्या गृहस्थांना कला सुचते. सतार नको, बोटं कापतात. पेटी नको, ती वडील वाजवायचे. मग उरतं युकुलेले. चारच तारा, त्याही नायलॉनच्या!

आता निवड. सोप्रानो सगळ्यात लहान, तारेची वाजती लांबी साधारण 13 इंच. जाड बोटांनी त्यावर एक सूर दाबला की शेजारचे दोन आपोआप दबतात. मोठ्या माणसाने 15 इंची कॉन्सर्ट किंवा 17 इंची टेनर घ्यावं. पण गृहस्थ रंग बघतात. शिवाय त्यांना अस्सल, अखंड लाकूड हवं. ज्या पावसाळ्यात इथे कपाटातल्या बुटांना बुरशी धरते, त्यात असलं लाकूड फुगतं, प्लायचं तग धरतं. पण प्लाय म्हटलं की यांना किचन ट्रॉली आठवते.

फ्रेडी मर्क्युरी इथल्याच सेंट पीटर्सचा, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात, जणू हवेतच काही आहे. त्या पोराने शाळेत पियानोचे धडे घेतले आणि ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये वाजवलं, हा तपशील मात्र गाळतात. रियाज कोण करतो?

नव्या नायलॉन तारा सुरुवातीला रोज उतरतात. तेव्हा काका, शो-केसआधी क्लिपचा ट्यूनर घ्या. तीनेकशे रुपयांत मिळतो.