वंशावळवाले अण्णा

प्रत्येक आडनावात एक अण्णा असतात. नोकरीतून निवृत्त होतात आणि दुसऱ्याच दिवशी पूर्वजांच्या सेवेत रुजू होतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, की जिलबीकडे ढुंकूनही न बघता विचारतात, ‘‘मूळ गाव कोणतं? शाखा कोणती? खापरपणजोबांचं नाव?’’ आपली गाडी आजोबांपाशीच अडते. अण्णा सुस्कारा टाकतात आणि पिशवीतून कुलवृत्तांताचा फॉर्म काढतात.

तोच फॉर्म व्हॉट्सॲपवर सगळ्या कुळाला पाठवलेला असतो. ‘सर्वांनी आपापली माहिती महिनाअखेर द्यावी.’ उत्तरादाखल दोन हात जोडलेले, एक गुलाबाचं फूल आणि पुतण्याचा खासगी फोन, ‘‘अण्णा, जमिनीची काही भानगड आहे का?’’ त्याचंही चुकत नाही. आपल्याकडे वंशावळ निघते ती सातबाऱ्यावर वारसांची नावं लावताना.

अण्णा खचत नाहीत. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले, मग आपला एक का निघू नये, असा त्यांचा सवाल असतो. ते त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या शोधतात, कुलदैवताच्या पुजाऱ्याला बोलतं करतात, माळ्यावरच्या ट्रंका उपसतात. इंदूरची शाखा थोरली की बडोद्याची, यावर त्या दोन शाखांत जुंपते आणि दोन्हीकडची मंडळी ग्रुप सोडून जातात. अण्णा एकेकाला फोन करून परत आणतात.

त्यांचा सगळा जीव अडकलेला असतो पानिपतात. 14 जानेवारी 1761 रोजी आपल्या घराण्यातलं कोणीतरी तिथे पडलेलं असलंच पाहिजे. मी आजवर भेटलेल्या साऱ्या अण्णांचे पूर्वज मोजले, तर भाऊसाहेबांना माणूसबळ कमी पडायचं कारणच नव्हतं. मागे राहून शेत नांगरणारा, दुकान सांभाळणारा, ताप येऊन घरीच निजलेला असा एकही पूर्वज कोणाच्या वाट्याला येत नाही.

आमच्या अण्णांना ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. खाली शिक्का होता. ‘पेशव्यांची सनद!’ असं त्यांनी त्याच रात्री फोटोसकट जाहीर केलं. कुळाचा ऊर भरून आला. आता तो वाचायचा कोणी? तेव्हा नेमके 2023 सालचे कुणबी नोंदींच्या शोधाचे दिवस होते. शिंदे समितीमुळे सरकारी कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली होती आणि मोडी वाचणाऱ्याला नवरदेवापेक्षा जास्त मागणी होती. अखेर एक जाणकार मिळाले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं : दोन खंडी भात उसने घेतले, सुगीला सवाईने फेडू, न फेडल्यास बैल ओढून न्यावेत. कर्जरोखा होता.

अण्णा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे बाजारात पत होती!’’

खरी पंचाईत केली ती थोरल्या आत्यांनी. संमेलनात भिंतभर वंशवृक्ष लावलेला. पणजोबांपासून शेंबड्या नातवापर्यंत सगळे पुरुष पानापानांवर विराजमान. आत्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘‘मला मेलीला कुठे टाकलंस रे?’’

‘‘ताई, तू सासरच्या झाडात असशील.’’

‘‘तिथे विचारलं. ते म्हणाले, माहेरच्यांकडे बघा.’’

सभागृहातल्या बायका खो खो हसल्या. आत्या पुढे सरकल्या. ‘‘आणि पणजोबांना दोन बायका कधीपासून झाल्या? राधा तीच लक्ष्मी. माहेरची राधा, लग्नात नाव बदललं.’’ पणजोबांचं दुसरं लग्न दीडशे वर्षांनी अण्णांनीच लावलं होतं. मग आत्या तासभर बोलल्या : कोण प्लेगात गेली, कोणी विधवा झाल्यावर खानावळ चालवून भावांना शिकवलं, कर्जातले बैल कोणाच्या पाटल्या मोडून सुटले. अण्णा लिहीत होते. फॉर्मात यातल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता.

हल्ली अण्णांनी नवा फॉर्म काढलाय आणि त्यात रकाना वाढवलाय. त्यांना हसणारे आपण आपल्या आजीचं माहेरचं नाव विचारलं तर खाली मान घालतो. तेव्हा तुमच्या कुळातल्या अण्णांचा फोन आला तर उचला, आणि फॉर्म भरताना लेकीसुनांची नावं आधी लिहा. पानिपतचं मागाहून बघता येईल.